सणाचा खाऊ: डब्याची मागची बाजू

खाऊत काय काय घातलंय, हे सगळेच विचारतात. त्याच यंत्रातून, त्याच कढईतून किंवा त्याच सुरीखालून त्याच्या आधी काय गेलं, हे फारसं कुणी विचारत नाही. माझी नोकरीची सगळी वर्षं बिस्किटं आणि चॉकलेटं बनवणाऱ्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणी विभागात गेली, त्यामुळे मला हा दुसरा प्रश्न आधी सुचतो. आता घरात नातीला दूध आणि काजू चालत नाही, भाच्याला शेंगदाणा चालत नाही आणि जावयांना सीलिअ‍ॅक, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे होणारा आजार, आहे. सण आला की डबे निवडायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. ते कसं करते, ते सांगते.

खरेदीच्या आधी घरातली यादी नीट करून घ्या. ‘तिला दुधाचं चालत नाही’ एवढ्याने भागत नाही. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर शरीर दुधातल्या प्रथिनांवर उठतं. दूध पचत नसेल तर प्रश्न लॅक्टोज या साखरेचा असतो. ‘लॅक्टोज-फ्री’ लिहिलेल्या दुधात प्रथिनं तशीच असतात, म्हणजे जे एकाला चालतं ते दुसऱ्याला दवाखान्यात पोचवू शकतं. शेळीच्या दुधाचा सल्ला हमखास कुणीतरी देतं. त्याची प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना तेही बाधतं. तुपाचंही तेच: कितीही कढवलं तरी प्रथिनांचा अंश राहू शकतो.

‘सुकामेवा चालत नाही’ हेही मोघम झालं. काजू आणि पिस्ता जवळचे नातेवाईक आहेत, एक बाधला तर दुसराही बाधण्याची शक्यता मोठी. अक्रोड आणि पेकन यांचं तसंच. शेंगदाणा खरं तर कडधान्यांच्या कुळातला, पण कारखान्यात तो बदाम-काजूच्या शेजारीच भाजला जातो, म्हणून दोन्हींकडे लक्ष ठेवावं लागतं. खोबरं बहुतेकांना चालतं, तरी तुमच्या माणसाचं डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा. सीलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नव्हे. ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. लगेच पुरळ नाही, सूज नाही, म्हणून ‘एका तुकड्याने काय होतंय’ असं म्हणणारे निघतात. होतं, फक्त पाहुण्यांसमोर दिसत नाही.

आणखी एक. काही मुलांना नुसतं दूध बाधतं, पण केकमध्ये भाजलेलं दूध किंवा अंडं सोसतं. हे खरं आहे, पण त्याची परीक्षा अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांसमोर व्हावी. सणाच्या दिवशी मावशीच्या ताटातून नव्हे.

यादी हातात आली की डबा उलटा करा. पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागे कायदा. कोणते अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणारे घटक, ठळक सांगायचे, हे प्रत्येक ठिकाणचा कायदा ठरवतो आणि याद्या सारख्या नाहीत. भारतात आठ गट आहेत, अमेरिकेत नऊ, युरोपीय संघात चौदा. तीळ युरोपच्या यादीत आहे आणि १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेच्याही, भारताच्या आठांत मात्र नाही. म्हणून परदेशातून कुणी डबा आणला की मी ‘कंटेन्स’ची, म्हणजे ‘यात अमुक आहे’ ही ओळ वाचून थांबत नाही, घटकांची पूर्ण यादी वाचते. तिळाच्या त्या कायद्यानंतर तर अमेरिकेत वेगळीच गंमत झाली. सगळी यंत्रं तिळापासून स्वच्छ ठेवण्यापेक्षा काही बेकऱ्यांनी पिठात मुद्दाम थोडं तिळाचं पीठ घातलं आणि वेष्टनावर तसं लिहून टाकलं. कायदा पाळला गेला, आणि वर्षानुवर्षं चालत आलेला पाव काही घरांतून बाद झाला. नेहमीचाच ब्रँड आहे म्हणून मागची बाजू वाचायची राहू देऊ नका, ती एवढ्यासाठी.

भिंग घेऊन बसा, लाजू नका. साध्या बिस्किटाच्या डब्यामागे साधारण असं असतं: गव्हाचं पीठ, साखर, पाम तेल, इन्व्हर्ट सिरप, व्हे पावडर, माल्ट अर्क, आयएनएस ५०० आणि ५०३, आयएनएस ३२२, मीठ, बटर फ्लेवर. यात ‘दूध’ हा शब्द कुठेच नाही, पण व्हे म्हणजे दुधाचंच पाणी, प्रथिनांसकट. केसीन, केसिनेट, मिल्क सॉलिड्स, बटर ऑइल ही त्याचीच भावंडं. माल्ट अर्क बहुधा बार्लीचा, म्हणजे जावयांसाठी गव्हाचं पीठ वगळून केलेलं बिस्किटही त्याने बाद. आयएनएस हे खाद्यपदार्थांत मिसळायच्या पूरक घटकांचे क्रमांक: ५०० म्हणजे खायचा सोडा आणि ५०३ म्हणजे अमोनियाचा क्षार, दोन्ही निरुपद्रवी. ३२२ हे लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाबीनचं, कधी सूर्यफुलाचं. कशाचं ते लिहिलं नसेल आणि घरात सोयाची अ‍ॅलर्जी असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. बटर फ्लेवर पूर्ण कृत्रिम असू शकतो किंवा खऱ्या लोण्यापासून काढलेला. तो माझ्या लेखी प्रश्नचिन्हच.

सणाच्या खाऊत आणखी काही नावं लपून बसतात. मार्झिपान म्हणजे बदाम. प्रालीन आणि जानदुया म्हणजे बहुतेक वेळा हेझलनट. नूगामध्ये सुकामेव्याबरोबर अंड्याचा पांढरा भाग असतो, आणि काही मार्शमॅलोतही तो असतो. ताहिनी म्हणजे तीळ. युरोपात बनलेल्या ग्लूटेनमुक्त बिस्किटांत कधीकधी ल्युपिन या कडधान्याचं पीठ असतं आणि ते शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवाल्यांना बाधू शकतं. माझ्या भाच्यासाठी मी ते घेतच नाही.

आता पुढच्या बाजूवरच्या दिलाशांबद्दल. ‘वीगन’ लिहिलंय म्हणजे कृतीत दूध-अंडं नाही एवढंच. त्याच यंत्रावर दुधाचं काही चालतं की नाही, हे तो शब्द सांगत नाही. ‘नॉन-डेअरी’ त्याहून फसवा, कारण अमेरिकेत असं लिहिलेल्या पदार्थात केसिनेट असू शकतं. ‘शुगर-फ्री’चा तर इथे काही संबंधच नाही, पण आरोग्याचं म्हणून लोक तेच उचलून आणतात. ‘ग्लूटेन-फ्री’ मात्र आकड्याला बांधलेलं आहे. किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको, ही मर्यादा भारत, अमेरिका आणि युरोप तिन्हीकडे आहे. सीलिअ‍ॅकसाठी हा शब्द मी मानते. गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी मात्र त्यावर विसंबू नये, कारण काही ग्लूटेनमुक्त पदार्थांत ग्लूटेन काढून घेतलेला गव्हाचा स्टार्च वापरतात.

‘मे कंटेन’, म्हणजे ‘यात अमुक असू शकतं’ ही ओळ सगळ्यांना चक्रावते. बऱ्याच देशांत ती लिहिणं ऐच्छिक आहे. ती असेल तर आमच्याकडे तो डबा येत नाही, विषय संपला. पण ती नसली म्हणून डबा सुरक्षित ठरतो असंही नाही. कदाचित कंपनीने यंत्रं वेगळी ठेवली असतील, कदाचित फक्त ओळ लिहिली नसेल. बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून आत काय चालतं ते समजून घ्या.

चॉकलेटचंच घ्या. बिस्किटाच्या मिक्सरला आम्ही पाण्याने धुवायचो. चॉकलेटच्या टाक्यांना आणि नळांना सहसा पाणी लावत नाहीत. थेंबभर ओल राहिली तरी चॉकलेट घट्ट होऊन बसतं, आणि ओलीत जंतू वाढण्याची भीती वेगळी. मग मिल्क चॉकलेट संपून डार्क सुरू करायचं असेल तर काय करतात? नळांतून कोको बटर (कोकोच्या बियांची चरबी, लोणी नव्हे) किंवा नवं डार्क चॉकलेटच ढकलत राहतात. आधी बाहेर येतं ते फिकट तपकिरी, मग पट्टे, मग हळूहळू गडद. रंग एकसारखा दिसला की माल पॅकिंगला. डोळ्यांना एकसारखा दिसला म्हणून त्यात दूध उरलं नाही असं मात्र होत नाही. नळाच्या कोपऱ्यात, झडपेच्या मागे, गाळणीत चिकटलेलं पुढे कितीतरी वेळ सुटत राहतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डार्क चॉकलेटच्या वड्या तपासल्या, तेव्हा घटकांत दूध न लिहिलेल्या ८८ वड्यांपैकी ५१ मध्ये दूध सापडलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. ‘डार्क आहे, त्यात दूध कुठलं’ असं म्हणत कुणी वडी पुढे केली की मी हात जोडते. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर चॉकलेट अशा ठिकाणचंच घ्या, जिथे दूध कारखान्याच्या दारातूनच आत येत नाही.

दुसरी गोष्ट ‘रिवर्क’ची. तुटलेली बिस्किटं, वाकडी वळलेली चॉकलेटं फेकत नाहीत. दळून पुढच्या खेपेत थोडीथोडी घालतात. शिस्तीच्या कारखान्यात काजूवालं काजूवाल्यातच जातं, त्यासाठी रंगीत पिंपं आणि चिठ्ठ्या असतात. सणाच्या आधीच्या आठवड्यांत मात्र तिन्ही पाळ्या चालू असतात, रोजंदारीवर नवी माणसं आलेली असतात, आणि वेष्टनाचा रोल घाईत चुकीचा चढतो. आत पिस्त्याचं, बाहेर नाव साध्याचं. बाजारातून परत मागवलेल्या मालाच्या बातम्या वाचा, न सांगितलेला अ‍ॅलर्जन हे कारण पुन्हा पुन्हा दिसेल. सणाच्या खरेदीआधी या परत मागवलेल्या मालाच्या सूचनांवर एक नजर टाकायची सवय लावून घ्या.

तिसरी गोष्ट आकारांची, आणि इथे अनुभवी आईबापसुद्धा फसतात. वर्षभर मिळणारी एखादी वडी तुमच्या मुलाला चालते, म्हणून त्याच कंपनीची सणासाठी काढलेली चॉकलेटची अंडी, तारे, पोकळ बाहुल्या किंवा चिमुकल्या पुड्या चालतीलच असं नाही. हे आकार वेगळ्या साच्यांत, वेगळ्या यंत्रावर, कित्येकदा कंत्राटाने दुसऱ्याच कारखान्यात बनतात. मोठी वडी, छोटी वडी आणि सणाचा आकार हे तीन वेगळे पदार्थ समजा आणि तिन्हींच्या मागची बाजू स्वतंत्र वाचा. ‘असॉर्टेड’ डबे तर आमच्या घरी येतच नाहीत. आतल्या कागदावर कुठल्या खाचेत काय ते छापलेलं असतं, पण भुग्याला खाचा कळत नाहीत.

शंका असेल तर कंपनीला लिहा. हे सणाच्या बरंच आधी करायचं काम आहे, कारण ऐन गर्दीत उत्तर येत नाही. मी लिहिते ते असं: “तुमच्या अमुक नावाच्या, अमुक वजनाच्या पुडीबद्दल विचारायचं आहे. बॅच क्रमांक सोबत देत आहे. हा पदार्थ ज्या यंत्रावर बनतो त्यावर दूध किंवा काजू असलेलं दुसरं काही बनतं का? बनत असल्यास दोन्हींच्या मध्ये यंत्राची ओली स्वच्छता होते का, आणि त्यानंतर अ‍ॅलर्जनची चाचणी होते का? पॅकिंग याच कारखान्यात होतं का?” चाचणीचा शब्द मुद्दाम घाला. तो वाचला की पत्र ग्राहक सेवेकडून गुणवत्ता विभागाकडे सरकतं, आणि तिथे उत्तर माहीत असलेला माणूस बसलेला असतो. ‘आम्ही सर्व नियमांचं काटेकोर पालन करतो’ असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही असं धरून चाला. ‘त्या यंत्रावर काजू जातो, मध्ये धुतो, स्वॅब घेऊन तपासतो, पण खात्री देऊ शकत नाही’ असं कुणी लिहिलं तर मी माल घेत नाही, पण त्या कंपनीवर माझा विश्वास बसतो. तिचा दुसरा पदार्थ मी आधी बघते.

सुट्या मिठाईचं प्रकरण वेगळं. काउंटरवरचा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला प्रश्न कळलेला नसतो. हा संवाद बघा.

“भाऊ, यात दूध आहे का?”

“नाही ताई, अजिबात नाही. फक्त मिल्क पावडर आहे.”

म्हणून ‘आहे का’ असं विचारूच नका. ‘यात काय काय घातलंय ते सांगता का, पिशव्या दाखवता का’ असं विचारा. मग नजर चिमट्याकडे वळवा. एकच चिमटा सगळ्या ताटांतून फिरत असेल, एकाच तराजूवर काजूचं आणि साधं दोन्ही पडत असेल, एकाच सुरीने वड्या पडत असतील, तर घटक कितीही निर्मळ असोत, तो खाऊ आपल्या कामाचा नाही. तळलेला असेल तर तेलाचंही विचारा. सीलबंद आणि मागे यादी छापलेलं जे असेल तेच घ्यायचं, हा नियम मला रुक्ष वाटतो, पण मी तो मोडत नाही.

मग उरतं घरी करणं. घर हाही एक छोटा कारखानाच. सगळ्यांसाठी वेगवेगळं करण्यापेक्षा एखाद-दोन पदार्थ असे ठरवा जे घरातला प्रत्येक जण खाईल, आणि ते सगळ्यांत आधी, स्वच्छ ओट्यावर करून झाकून ठेवा. काजूचं काम शेवटी. मिक्सरच्या झाकणातली रबरी रिंग काढून धुवा, पिठाची चाळणी जावयांसाठी वेगळीच ठेवा. चाळणीच्या जाळीतून गहू पूर्ण निघत नाही, आणि चरे पडलेल्या लाकडी पाटाचंही तेच.

बदलीचे हिशेब सोपे आहेत. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि बाकी बहुतेक पाणी असतं, म्हणून १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम तेल घेऊन वर चमचाभर पाणी घाला. १०० ग्रॅम तेल ओतलं तर बिस्किट पसरून चपटं होतं. एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. ती बांधून धरते, फुगवत नाही, म्हणून बिस्किटांना ठीक, हलक्या केकला नाही. फेस हवा असेल तर उकडलेल्या छोल्यांचं दाट पाणी फेटून बघा, साखर घालत गेलं की ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं चढतं. सुकामेव्याच्या कुरकुरीतपणासाठी सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया चालतात, पण त्या कुठे पॅक झाल्या ते आधी वाचा. सुट्या बिया बहुधा काजू-बदामाच्या शेजारच्याच पोत्यातल्या असतात. सूर्यफुलाच्या बियांचं पीठ आणि खायचा सोडा एकत्र आले की भाजलेलं बिस्किट दुसऱ्या दिवशी आतून हिरवं दिसू शकतं. घाबरू नका, बुरशी नाही. बियांतलं क्लोरोजेनिक आम्ल आणि सोडा यांची ती करामत, थोडं लिंबू पिळलं की कमी होते. आमच्या नातीला तर हिरवीच हवी असतात.

पाहुण्यांकडचा खाऊ ही शेवटची आणि नाजूक बाजू. ‘नको’ म्हटलं की समोरचा दुखावतो, म्हणून मुलांना एक वाक्य पाठ करून द्या: “थँक्यू, घरी जाऊन आजीला दाखवते, मग खाते.” घरी एक अदलाबदलीचा डबा ठेवा. जे चालत नाही ते त्यात टाकायचं आणि तपासलेलं काहीतरी उचलायचं. गर्दीत सगळ्यांच्या हातांना काहीबाही लागलेलं असतं. हात साबण-पाण्याने धुवा किंवा ओल्या वाइपने पुसा. सॅनिटायझर जंतू मारतो, शेंगदाण्याची प्रथिनं हातावर तशीच ठेवतो.

इतकं करूनही कधी काही पोटात गेलंच, तर काय करायचं ते सणाआधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं. अंगावर पुरळ येऊन बरोबर उलट्या, श्वासाला त्रास, घोगरा आवाज, जीभ-घसा सुजणं, अचानक गळून जाणं असं काही दिसलं, तर अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन आधी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं. अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका, गोळीने खाज कमी होते, श्वासनलिका उघडत नाही. रुग्णवाहिका बोलवा, रुग्णाला आडवं ठेवा, उभं करून चालवू नका. श्वास लागत असेल तर पाय लांब करून बसू द्या. पाच मिनिटांत फरक नसेल आणि दुसरा डोस जवळ असेल तर तो द्या. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबावं लागतं, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनॅलिनचं तयार इंजेक्शन-पेन लिहून दिलं असेल तर त्याची मुदत आजच बघा आणि सणाच्या दिवशी ते कपाटाऐवजी मूल ज्या खोलीत आहे तिथे ठेवा.

सण उरकला की चाललेल्या प्रत्येक खाऊच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा, बॅच क्रमांक आणि कारखान्याचा पत्ता दिसेल असा. पुढच्या खेपेला नवी पुडी त्या फोटोशेजारी धरायची. पत्ता बदललेला दिसला, तर घटक तेच असले तरी पुन्हा पत्र लिहायचं.